स्टॉकहोम ते हेलसिंकी : अंतर चोख, वेळ अर्धवट

पुण्याचा स्वीडनशी संबंध जुना आहे. दापोडीतील अल्फा लावल आणि सँडविक, चिंचवडची एसकेएफ, चाकणची टेट्रा पॅक अशा मूळच्या स्वीडिश कंपन्यांच्या कारखान्यांवर इथल्या कितीतरी घरांचे संसार उभे राहिले आणि त्याच घरांतील पुढची पिढी आता स्टॉकहोमजवळच्या किस्टामध्ये किंवा फिनलंडच्या हेलसिंकीला लागून असलेल्या एस्पोमध्ये नोकरी करताना दिसते. मुलाकडे किंवा मुलीकडे उन्हाळ्यात महिनाभर राहायला जायचे आणि त्याच शेंगेन व्हिसावर शेजारचा देशही पाहून यायचे, या बेताचे कोथरूडला किंवा पिंपळे सौदागरला आता कोणाला नवल वाटत नाही. असा बेत आखताना बहुतेक जण प्रथम ज्या सेवेकडे वळतात, तिचे हे परीक्षण आहे. दोन शहरांची नावे भरली की त्यांच्यामधील हवाई अंतर आणि विमानप्रवासाचा वेळ क्षणात सांगणारी मोफत संकेतस्थळे अनेक आहेत. त्यांची आकडेमोड एकमेकांशी इतकी मिळतीजुळती असते की, त्यांतील एकाच्या नावाने बोट दाखवण्यापेक्षा या प्रकाराचेच गुणदोष सांगणे मला अधिक न्याय्य वाटते.

तपासणीसाठी मी स्टॉकहोम आणि हेलसिंकी ही जोडी घेतली. उत्तर असे आले : अंतर ३९९ किलोमीटर, म्हणजे २४८ मैल किंवा २१५ सागरी मैल, विमानाने लागणारा वेळ १ तास. या दोन आकड्यांपैकी पहिल्यावर डोळे झाकून विसंबावे, दुसऱ्यावर मात्र प्रवासाचा दिवस बेतू नये, असे माझे मत आहे.

अंतराचा आकडा विश्वासार्ह का, हे आधी पाहू. स्टॉकहोमचा मुख्य विमानतळ आर्लांडा सुमारे ५९.६५ उत्तर अक्षांश आणि १७.९२ पूर्व रेखांशावर आहे, तर हेलसिंकीचा वांता विमानतळ ६०.३२ उत्तर आणि २४.९६ पूर्वेवर आहे. पृथ्वी हा ६,३७१ किलोमीटर सरासरी त्रिज्येचा गोल मानून या दोन बिंदूंमधील बृहद्वृत्ताच्या कमानीची, म्हणजे गोलाच्या पृष्ठभागावरून जाणाऱ्या सर्वांत जवळच्या वाटेची लांबी काढली, तर ती ३९८ किलोमीटरच्या थोडी वर येते. शाळेतील त्रिकोणमिती आठवत असेल, तर हे गणित कोणालाही साध्या कॅल्क्युलेटरवर करता येते आणि मी ते करून पाहिले. पृथ्वी ध्रुवांपाशी किंचित चपटी आहे, हे लक्षात घेऊन अधिक काटेकोर रीतीने मोजल्यास या मार्गावर सुमारे दीड किलोमीटरची भर पडते आणि अंतर ४०० किलोमीटरला टेकते. म्हणून एका संकेतस्थळाने ३९८ सांगितले आणि दुसऱ्याने ४००, तर त्यांतील एक खोटे आहे असे समजण्याचे कारण नाही. त्या चपटेपणाचा एक पक्का पुरावा याच भागातून मिळाला, हे इथे सांगितल्यावाचून राहवत नाही. स्वीडन आणि फिनलंड यांच्यामधील बोथनियाच्या आखाताच्या उत्तर टोकाला असलेल्या तोर्निओ या गावाच्या परिसरात १७३६-३७ मध्ये मोपर्तुई या फ्रेंच शास्त्रज्ञाच्या मोहिमेने अक्षांशाच्या एका अंशाची लांबी मोजली आणि ती फ्रान्समधील अंशापेक्षा अधिक भरली. तापमानाच्या मापामुळे आपल्याला माहीत असलेला सेल्सियस याच मोहिमेत होता.

अंतराच्या बाबतीत एकच गोष्ट तपासून घ्यावी, ती म्हणजे मोजणी कुठून कुठपर्यंत झाली आहे. काही संकेतस्थळे शहराच्या मध्यापासून मोजतात, काही विमानतळापासून. या जोडीत दोन्ही आकडे तीनचार किलोमीटरच्या फरकाने सारखेच येतात, त्यामुळे बिघडत काही नाही. पण स्वस्त तिकिटांच्या शोधात स्टॉकहोमचे नाव लावणारा स्काव्हस्ता विमानतळ समोर आला, तर तो शहरापासून नैऋत्येला सुमारे १०० किलोमीटरवर आहे आणि तिथून हेलसिंकीचे हवाई अंतर ४८० किलोमीटरच्याही पुढे जाते, हे ध्यानात ठेवावे.

या सेवेचा मला सर्वाधिक भावलेला उपयोग मात्र वेगळाच आहे : नकाशा पाहून झालेला गैरसमज ती दूर करते. ऑनलाइन नकाशे ज्या पद्धतीने काढतात, तिचे मूळ १५६९ मधील मर्केटरच्या नकाशात आहे आणि त्या पद्धतीत विषुववृत्तापासून जितके दूर जावे, तितका प्रदेश फुगत जातो. साठाव्या अक्षांशावर हा फुगवटा बरोबर दुप्पट होतो, तर पुण्याच्या अक्षांशावर तो जेमतेम पाच टक्के असतो. परिणामी नकाशा एकाच पातळीवर मोठा करून पाहिला, तर स्टॉकहोम आणि हेलसिंकी यांच्यातील समुद्र हा पुणे ते नागपूर या अंतरापेक्षाही रुंद भासतो. वस्तुतः पुणे-नागपूर हवाई अंतर सुमारे ६०० किलोमीटर आहे आणि या दोन राजधान्यांमधील ४००. पुण्याहून गोव्याला जेवढे हवाई अंतर पडते, त्यापेक्षा हे थोडेसेच जास्त आहे. "तिकडे सगळे किती लांबलांब आहे" असे नकाशावर बोट ठेवून म्हणणाऱ्या ज्येष्ठांना हा आकडा दाखवला की त्यांची निम्मी काळजी मिटते, हा माझा अनुभव आहे.

आता वेळेच्या आकड्याकडे वळू. तो मोजलेला नसतो, कोणत्याही वेळापत्रकातून घेतलेलाही नसतो. ताशी सुमारे ८०० किलोमीटर हा वेग गृहीत धरायचा, अंतराला त्याने भागायचे आणि चढण्या-उतरण्यासाठी अर्धा तास मिळवायचा, एवढीच त्यामागची रीत आहे. ४०० भागिले ८०० म्हणजे अर्धा तास, अधिक अर्धा तास, झाला एक तास. योगायोगाने विमान कंपन्यांचे वेळापत्रकही या मार्गावर साधारण एक तासाचेच असते, त्यामुळे आकडा खरा ठरल्यासारखा वाटतो. पण तो खरा ठरण्याची कारणे निराळी आहेत. चारशे किलोमीटरच्या उड्डाणात जेट विमानाला वर चढायला वीसेक मिनिटे आणि खाली यायला जवळपास तितकीच मिनिटे लागतात, म्हणजे ताशी ८०० किलोमीटरच्या आसपासचा वेग त्याला मधल्या थोड्या मिनिटांपुरताच लाभतो. प्रत्यक्षात चाके जमिनीवरून उचलल्यापासून पुन्हा टेकेपर्यंत चाळीस-पंचेचाळीस मिनिटे जातात आणि उरलेला वेळ धावपट्टीकडे जाण्यात आणि उतरल्यावर दारापर्यंत येण्यात खर्च होतो. वेळापत्रकातील तास हा विमान एका दारापासून हलल्यापासून दुसऱ्या दाराशी उभे राहीपर्यंतचा असतो आणि उशीर झाल्याचा ठपका येऊ नये म्हणून कंपन्या त्यात काही मिनिटे पदरची घालतात. शिवाय या पट्ट्यात पंख्यांची एटीआर ७२ विमानेही उडतात. आपल्याकडे लहान शहरांना जोडणारी तीच ही विमाने. त्यांचा वेग ताशी ५०० किलोमीटरच्या घरात असतो, त्यामुळे अशा विमानाचे तिकीट असेल, तर संकेतस्थळाचे गणित सरळ कोलमडते. विमानाचा प्रकार निवडण्याची सोय मी पाहिलेल्या पानांवर कुठेही नव्हती. ती असायला हवी.

घड्याळाचा घोळ याहून मोठा आहे आणि त्याबद्दल ही सेवा चकार शब्द काढत नाही. हेलसिंकीचे घड्याळ स्टॉकहोमच्या एक तास पुढे असते. दोन्ही देश उन्हाळी वेळेचा बदल मार्च आणि ऑक्टोबरमधील शेवटच्या रविवारी एकाच क्षणी करतात, म्हणून हा फरक बारा महिने कायम राहतो. पुण्याहून पाहता उन्हाळ्यात स्टॉकहोम साडेतीन तास मागे आणि हेलसिंकी अडीच तास मागे असते. हिवाळ्यात दोन्हींत एकेक तासाची भर पडते. तिकिटावर मात्र निघण्याची वेळ एका गावाची आणि पोहोचण्याची दुसऱ्या गावाची छापलेली असते. सकाळी ९ ला स्टॉकहोमहून निघालेले विमान हेलसिंकीला ११ च्या सुमारास उतरते आणि हेलसिंकीहून सकाळी ९ ला निघालेले विमान स्टॉकहोमला ९ च्याच सुमारास पोहोचते. एकाच मार्गाला जाताना दोन तास आणि येताना शून्य तास लागतात, असे तिकीट वाचून वाटावे. परतीच्या तिकिटात छपाईची चूक आहे म्हणून एजंटला फोन करणारे लोक मी पाहिले आहेत. एक तासाचा आकडा दाखवणाऱ्या पानावर त्याच्याखाली दोन्ही शहरांची स्थानिक वेळ मांडायला एक ओळ पुरली असती.

घरातून घरापर्यंतचा हिशेब तर या सेवेच्या कक्षेबाहेरच आहे, हे मान्य. पण प्रवाशाला तोच हवा असतो. आमच्या सोसायटीतील एका काकांनी मोठ्या उत्साहाने सांगितले होते, "अहो, एक तासाचे तर विमान आहे. दहाला स्टॉकहोमच्या हॉटेलातून निघू आणि बाराला लेकाकडे जेवायला बसू." त्यांना मी कागदावर मांडून दिलेला हिशेब असा होता. आर्लांडा शहराच्या उत्तरेला सुमारे ४० किलोमीटरवर आहे. मध्यवर्ती स्थानकातून निघणारी आर्लांडा एक्स्प्रेस तिथे २० मिनिटांच्या आत पोहोचते, लोकल गाडी किंवा बस घेतली तर पैसे वाचतात आणि वेळ जास्त लागतो. हॉटेल ते स्थानक आणि गाडीची वाट पाहणे यांत आणखी अर्धा तास धरावा. सामान देणे आणि सुरक्षा तपासणी यांसाठी दीड तास आधी पोहोचणे शहाणपणाचे. दोन्ही देश शेंगेन क्षेत्रात असल्यामुळे या उड्डाणाला पारपत्रावर शिक्का मारण्याची रांग नसते, पण ओळखीसाठी पारपत्र जवळ लागतेच. (हातातल्या पिशवीत मुलासाठी नेलेली कैरीच्या लोणच्याची बरणी असेल, तर शंभर मिलीलीटरच्या नियमावर होणाऱ्या चर्चेचा वेळ वेगळा.) मग विमानाचा एक तास, सामानाच्या पट्ट्यापाशी अर्धा तास आणि वांता विमानतळावरून शहरात यायला २०१५ मध्ये सुरू झालेल्या रिंग रेल मार्गावरील गाडीने आणखी अर्धा तास. बेरीज साडेचार तासांच्या जवळ जाते. त्यात घड्याळाचा एक तास मिळवला की दहाला निघालेला माणूस हेलसिंकीच्या मध्यवर्ती स्थानकावर दुपारी साडेतीनला उभा असतो. काकांनी जेवणाचा बेत रात्रीवर ढकलला.

म्हणजे ४०० किलोमीटरच्या अंतराला शहरातून शहरापर्यंत ताशी शंभर किलोमीटरही वेग पडत नाही. अंतर जितके कमी, तितका विमानाबाहेरील वेळ वरचढ ठरतो आणि नेमक्या अशाच छोट्या मार्गांवर या संकेतस्थळांचा वेळेचा आकडा सर्वाधिक फसवा असतो.

या सेवेची खरी उणीव मला इथे दिसते की, ती समुद्राकडे पाहतच नाही. रस्त्याचे अंतर विचारले तर काही पाने जहाजाचा टप्पा गुपचूप त्यात मिसळतात. निव्वळ रस्त्याने जायचे म्हटले, तर बोथनियाच्या आखाताला उत्तरेकडून वळसा घालून हापारांदा-तोर्निओमार्गे सुमारे १,७५० किलोमीटरची वाट धरावी लागते, म्हणजे हवाई अंतराच्या चौपटीहून अधिक. प्रत्यक्षात या दोन शहरांमधील लोकांची पिढ्यान्‌पिढ्यांची वाट जहाजाचीच आहे. वायकिंग लाइन आणि टालिंक सिल्या या कंपन्यांची रात्रीची जहाजे संध्याकाळी पाचच्या सुमारास सुटतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या आसपास पोहोचतात. प्रवास सोळा ते अठरा तासांचा; विमानाच्या एका तासाशेजारी हा आकडा ठेवला तर जहाजाचा विचारही कोणी करणार नाही. पण जहाज दोन्हीकडे शहराच्या जवळच्या धक्क्यावर लागते, सामानाला शंभर मिलीलीटरचे बंधन नसते आणि केबिनमध्ये झोप होत असल्यामुळे एका रात्रीच्या हॉटेलचा खर्च वाचतो. जागेपणीचा दिवस किती खर्ची पडतो हे पाहिले, तर विमान आणि जहाज यांच्यात वाटते तेवढी तफावत उरत नाही.

वाटेत मध्यरात्री ही जहाजे ओलांड बेटांवरील मारिएहाम्न बंदराला थोडा वेळ टेकतात. प्रवासी चढण्या-उतरण्यापेक्षा त्यामागे कराचे कारण मोठे आहे : युरोपीय संघातील देशांमधल्या प्रवासात करमुक्त विक्री १९९९ मध्ये बंद झाली, पण ओलांड करव्यवस्थेच्या बाहेर राहिल्यामुळे तिथे थांबणाऱ्या जहाजावरील दुकाने करमुक्त राहू शकतात. प्रवासाच्या वेळेत अशा कारणाने भर पडते, हे कोणत्याही सूत्रात बसणारे नाही. स्टॉकहोमच्या बाहेर पडताना जहाज हजारो बेटांच्या मधून संथपणे वाट काढत जाते आणि जूनमध्ये सूर्य दहानंतर मावळत असल्याने ते सारे डेकवरून उजेडात पाहायला मिळते. डिसेंबरात मात्र स्टॉकहोमला दुपारी तीनच्या आतच सूर्यास्त होतो. तेव्हा देखाव्यासाठी जहाज निवडण्यात अर्थ नाही, विमानच बरे.

लांबच्या अंतराला या सेवेचे काय होते, हेही मी तपासले. पुणे ते स्टॉकहोम विचारल्यावर सुमारे ६,३५० किलोमीटर आणि ८ तास २६ मिनिटे असे उत्तर आले. अंतर पुन्हा बरोबर. वेळ पुन्हा कागदी. लोहगावहून स्टॉकहोमला थेट विमान नाही. मुंबई किंवा दिल्ली गाठून, बहुधा आखातात किंवा युरोपात एक विमान बदलून जावे लागते आणि त्यात पंधरा तास सहज जातात. त्यातही आकाशाची दारे सर्वांना सारखी उघडी नसतात. रशियाचे आकाश २०२२ मध्ये बंद झाल्यावर फिनएअरचा हेलसिंकी-टोकियो प्रवास साडेनऊ तासांवरून तेराच्या घरात गेला. दोन शहरांमधील अंतर मात्र तसूभरही बदलले नव्हते. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमान कंपन्यांना आपली हद्द बंद केली, तेव्हा दिल्लीहून युरोपकडे जाणाऱ्या त्यांच्या विमानांना अरबी समुद्रावरून वळसा घ्यावा लागला. सरळ रेषेवर वेळ काढणाऱ्या पानाला यातले काहीच ठाऊक नसते.

मग या सेवेचा आकडा पदरी काही पाडून देतो का? देतो, आणि तोही रोख. युरोपीय संघाच्या २००४ च्या २६१ क्रमांकाच्या नियमावलीनुसार विमान रद्द झाल्यास मिळणारी भरपाई अंतरावर ठरते आणि ते अंतर बृहद्वृत्तावरून मोजावे, असे नियमावलीतच नमूद आहे. १,५०० किलोमीटरपर्यंतच्या उड्डाणाला २५० युरो, आणि युरोपातून मुंबईपर्यंतच्या एकाच तिकिटावर प्रवास असेल व अंतर ३,५०० किलोमीटरच्या पुढे जात असेल, तर ६०० युरोपर्यंत. तीन तास किंवा त्याहून अधिक उशिराने पोहोचणाऱ्यांनाही ही भरपाई मिळावी, असा निर्णय युरोपीय न्यायालयाने २००९ मध्ये दिला. खराब हवामानासारखे कंपनीच्या हाताबाहेरचे कारण असेल, तर हा हक्क राहत नाही. दावा लिहिताना किलोमीटरचा आकडा या संकेतस्थळावरून घ्यायला हरकत नाही. नियमाला जे मोजमाप हवे आहे, तेच ते देते.

गुण द्यायचे झाले, तर अंतरासाठी पाचपैकी पाच आणि वेळेसाठी दोन. जाहिरातींचा त्रास मोबाइलवर जास्त आहे. तेवढ्यासाठी गुण कापण्याइतका तो नाही, कारण सेवा मोफत आहे. शहराचे नाव भरताना मात्र सावध राहावे. पहिली चार-पाच अक्षरे टाकताच खाली जी यादी उघडते, तिच्यात हेलसिंकीच्या जोडीला दक्षिण स्वीडनमधील हेलसिंगबोर्ग आणि त्याच्या समोरच्या किनाऱ्यावरील डेन्मार्कचे हेलसिंगोर हीदेखील येतात. घाईत हेलसिंगबोर्ग निवडले गेले, तर स्टॉकहोमपासूनचे अंतर ४८५ किलोमीटरच्या आसपास दिसते. हा आकडा संशय यावा इतका वेगळा नाही, म्हणून निकालाच्या वर देशाचे नाव फिनलंड असल्याची खात्री करूनच तो वहीत उतरवावा.